लाल सिलिंडर भिंतीवर आहे, म्हणजे तयारी आहे?

3 एप्रिल 2024 च्या पहाटे छत्रपती संभाजीनगरच्या छावणी भागात तळमजल्यावरचं शिलाईचं दुकान पेटलं आणि वर राहणाऱ्या एकाच कुटुंबातले सात जण दगावले. ज्वाळा त्यांच्या मजल्यापर्यंत पोहोचल्याच नव्हत्या. धुराने गुदमरून मृत्यू झाल्याचं पोलिसांनी प्राथमिक माहितीत सांगितलं. तरीही आगीत माणूस भाजूनच मरतो, हा समज कॉलेजच्या वसतिगृहांत आजही पक्का आहे.

धूर जिन्यातून झपाट्याने वर चढतो. नाकाला ओला रुमाल लावला की निभावलं, हाही गैरसमजच. कार्बन मोनॉक्साइड ओल्या रुमालाने अडत नाही. जिना मोकळा असेल तर वाकून, जमिनीलगत राहून बाहेर पडायचं. जिन्यात धूर भरला असेल तर मात्र खोलीचं दार लावून घ्यायचं, फटीत ओली चादर कोंबायची आणि खिडकीतून हाका मारायच्या. लिफ्टकडे फिरकायचंच नाही. पण हे सगळं तेव्हाच उपयोगी, जेव्हा खालचं चॅनेल गेट उघडतं. रात्री सुरक्षेसाठी त्याला कुलूप लावायचं आणि किल्ली कुणा एकाच्याच खिशात ठेवायची, ही कसली सुरक्षा?

आता त्या सिलिंडरविषयी. वर्गाबाहेर टांगलेलं साधारण आकाराचं अग्निशामक जेमतेम पंधरा-वीस सेकंद चालतं. कचऱ्याच्या डब्याएवढी आग असेल तोवर त्याचा उपयोग. पडद्यांनी पेट घेतला की बाहेर पडा आणि 101 किंवा 112 ला फोन करा. सिलिंडरच्या दाबमापकाचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का, हे कोणीही विद्यार्थी येता-जाता पाहू शकतो. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत आणखी एक घोळ चालतो: अंगावर ॲसिड सांडलं की त्यावर सोडा टाकायचा. तसं करू नका. दोन्हींच्या क्रियेतून उष्णता निघून जखम वाढू शकते. कपडे काढून वीस मिनिटं नळाच्या धारेखाली धुवा.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचा परिसर सुमारे 700 एकरांचा आणि मागे लेण्यांचे डोंगर. इथे साप निघणारच. साप चावला की वर करकचून दोरी बांधणं, ब्लेडने चिरणं, रक्त चोखणं हे अजूनही सुचवलं जातं. या तिन्हींनी अपायच होतो. सर्वांत हट्टी समज म्हणजे साप मारून दवाखान्यात न्यावा लागतो. गरज नाही. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही प्रमुख विषारी सापांवर भारतात एकच प्रतिविष दिलं जातं आणि डॉक्टर लक्षणं पाहून उपचार ठरवतात. मारायला गेलेल्यालाच दुसरा दंश व्हायचा! अंगठी, कडं, घड्याळ काढा, चावलेला हात किंवा पाय हलू देऊ नका, माणसाला चालवू नका आणि 108 च्या रुग्णवाहिकेने किंवा मिळेल त्या गाडीने तडक घाटी रुग्णालयात न्या.

भूकंप लातूरकडे होतात, हे आपल्याकडचं ठरलेलं वाक्य. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपापूर्वी लातूरची किल्लारीही सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यातच गणली जात होती. 2024 मध्ये मार्च आणि जुलैत हिंगोली भागात 4.5 तीव्रतेचे धक्के बसले. हादरा सुरू असताना जिन्याकडे धावू नये; बाकाखाली शिरून त्याचा पाय धरावा आणि थांबल्यावरच मैदानात जावं.

गॅदरिंगमध्ये किंवा मैदानावर कोणी अचानक कोसळला, श्वास थांबला, तर डॉक्टर येईपर्यंत हात लावू नये, हा समज जीवघेणा आहे. एकाने 108 लावावा, दुसऱ्याने छातीच्या मध्यभागी पाच-सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला 100 ते 120 दाब द्यावेत. तोंडाने श्वास देणं जमत नसेल तर नुसते दाबही चालतात. हे शिकायला एक दुपार पुरते आणि शिपाईमामांना व वॉचमनना आधी शिकवायला हवं, कारण घटनास्थळी तेच पहिले पोहोचतात.

राहिला कागद. फायर ऑडिट एकदा झालं की संपलं, असं अनेक कार्यालयांत मानतात. महाराष्ट्राच्या 2006 च्या अग्निसुरक्षा कायद्यानुसार यंत्रणा चालू असल्याचं परवानाधारक संस्थेचं 'फॉर्म बी' प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी आणि जुलै असं दोनदा द्यावं लागतं. आपल्या कॉलेजचं शेवटचं प्रमाणपत्र कोणत्या महिन्याचं आहे, हे प्राचार्यांना लेखी अर्ज देऊन विचारा.