लहान सागरी मत्स्यपेटी आणि माशांची फसवी नावे

भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने माशांविषयी लिहावे याचे वाचकांस थोडे नवल वाटेल. परंतु प्रस्तुत लेखकाच्या नाशिकच्या घरी काही वर्षांपासून खाऱ्या पाण्याची एक लहानशी मत्स्यपेटी आहे, आणि तिच्यात जे मासे दगावले त्यांपैकी एक तरी केवळ नावाच्या भ्रमाने दगावला. एका दुकानात 'मँडरिन गोबी' या नावाने तो विकत मिळाला. निळ्या-नारिंगी नक्षीचा, बोटाएवढा, अत्यंत शांत स्वभावाचा. गोबी मासे लहान पेटीस योग्य असतात हे वाचलेले होते. तेव्हा हाही योग्यच, असे अनुमान केले. सहा आठवड्यांत तो झिजून मेला. पाणी उत्तम होते, अन्नही रोज पडत होते; त्याने मात्र ते खाल्लेच नाही.

वस्तुतः मँडरिन हा गोबी नव्हेच. तो कॅलिओनिमिडी या निराळ्या कुळातला मासा असून खडकावरचे अतिसूक्ष्म कवचधारी जीव टिपत तो दिवसभर हिंडतो. असे जीव सतत निपजत राहतील एवढा खडक लहान पेटीत मावत नाही, आणि तयार खाद्य हा मासा सहसा तोंडात घेत नाही. म्हणजे त्याचे शरीर पेटीत मावत होते. त्याची भूक मावत नव्हती. मासा निवडताना चूक होते ती बहुधा याच ठिकाणी, आणि व्यापारी नावे त्या चुकीस हातभार लावतात.

आपल्यापैकी पुष्कळांची सागरी मत्स्यालयाची कल्पना मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयावरून बनलेली असते. १९५१ साली ते मरीन ड्राइव्हवर उघडले तेव्हा समुद्र त्याच्या दाराशीच होता. नाशिकला समुद्र नाही. येथे गाळणयंत्रातून काढलेल्या शुद्ध पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम या प्रमाणात तयार क्षारमिश्रण विरघळवून समुद्र घरीच करावा लागतो. दीड फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच अशा पेटीचे आकारमान साडेबेचाळीस लिटर भरते. पण खडक, वाळू आणि वरची मोकळी जागा वजा जाता प्रत्यक्ष पाणी बत्तीस लिटरांच्या आसपासच राहते. एप्रिल महिन्याच्या कोरड्या हवेत दोन-तीन दिवसांत यातले दोन लिटर सहज उडून जाते. पाणी उडते, क्षार मागे राहतात. म्हणून लिटरमागे ३५ ग्रॅमचे प्रमाण ३७ च्या वर जाते. मोठ्या मत्स्यालयात एवढ्या बाष्पीभवनाचा पत्ताही लागत नाही. ही तूट गोड्या पाण्याने रोज भरून काढावी. खारे पाणी ओतल्यास दोष वाढतो. नवखा माणूस नेमके तेच करतो.

दुसरी अडचण अमोनियाची. मासा तो मुख्यतः कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो. खडकावर व वाळूत वाढणारे जिवाणू त्याचे प्रथम नायट्राइटमध्ये व नंतर नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. हे जिवाणू स्थिरावण्यास चार ते सहा आठवडे लागतात, आणि तोवर पेटीत मासा सोडणे हा निव्वळ निष्काळजीपणा होय. सागरी पाण्याचा सामू ८.१ ते ८.३ असल्यामुळे अमोनियाचा विषारी अंश येथे गोड्या पाण्यापेक्षा अधिक राहतो. बत्तीस लिटरांत एक जास्तीचा मासा, किंवा खडकामागे मरून पडलेला एखादा मासा, एवढ्यानेही सगळा तोल ढळू शकतो.

आता नावांकडे वळू. 'गोबी' हा शब्द लॅटिन गोबिअस आणि ग्रीक कोबिऑस यांच्यापर्यंत मागे नेता येतो. आज तो दीड हजारांहून अधिक जातींना लावला जातो. काही दोन सेंटीमीटरांच्या, तर काही फूटभराच्या. आपल्या खाडीच्या चिखलात उड्या मारणारी, ओल्या कातडीवाटेही श्वास घेणारी निवटी याच गोतावळ्यातली. तिला प्रवाळांच्या पेटीत कोणी ठेवणार नाही. पण 'गोबी चालतात' हा नियम शब्दशः घेतला तर ती चालावयास हवी! बोंबलाला इंग्रजीत बदक म्हणतात म्हणून त्यास तळ्यात कोणी सोडत नाही, कारण बोंबील आपल्या ओळखीचा आहे. अनोळखी माशाच्या बाबतीत नाव हाच एकमेव आधार उरतो.

'क्लाउन' या नावाचेही तसेच. २००३ सालच्या 'फाइंडिंग निमो' या चित्रपटानंतर पांढऱ्या पट्ट्यांचा प्रत्येक नारिंगी मासा दुकानांतून 'निमो' झाला. अँफिप्रिऑन ऑसेलॅरिस ही जात आठ-दहा सेंटीमीटरांवर थांबते व तुलनेने सौम्य असते. पण त्याच नावाखाली विकला जाणारा गडद तांबडा क्लाउन पंधरा सेंटीमीटरांच्या पुढे जातो आणि शेजारी सहन करत नाही. त्याच चित्रपटातला निळा मासा पूर्ण वाढीत तीस सेंटीमीटरांचा होतो. 'डॅमसेल' म्हणजे कुमारी. या गोड नावाचे काळे-पांढरे मासे स्वस्त आणि चिवट म्हणून नवशिक्यांच्या गळ्यात मारले जातात, आणि महिन्याभरात अर्ध्या पेटीवर हक्क सांगू लागतात. ऑसेलॅरिसची जोडीसुद्धा आमच्या मते बत्तीस लिटरांना जडच. ती ठेवायची असल्यास दुप्पट पाणी घ्यावे. समुद्रफूल मात्र मुळीच आणू नये. क्लाउनला पेटीत त्याची गरज नसते.

मग ठेवावे तरी काय? निऑन गोबी हा सुमारे पाच सेंटीमीटरांचा मासा बंदिस्त पैदाशीतूनही मिळतो. प्रवाळांच्या फांद्यांत बसून राहणारे गोबिओडॉन त्याहून थोडे लहान-मोठे असतात. शेपटीवर ठिपका असलेला लहान ब्लेनी खडकाच्या भोकातून डोके काढून बघत बसतो. त्याचा एवढाच उद्योग तासभर पाहत राहावा असा असतो. परंतु भाषेच्या अभ्यासकाने निवड करावयाची तर ती स्टोनोगोबिऑप्स या पाच-सहा सेंटीमीटरांच्या पट्टेरी गोबीची व त्याच्या जोडीदार पिस्तूल-कोळंबीची करावी. कोळंबीची दृष्टी अत्यंत मंद असते. ती बीळ खणते, वाळू बाहेर लोटते. आणि बिळाबाहेर असताना आपली एक स्पर्शिका माशाच्या अंगावर टेकवून ठेवते. मासा दारात पहारा करतो. धोका दिसताच तो शेपटी झटकतो. हा कंप स्पर्शिकेतून पोचतो व कोळंबी आत शिरते. संकट अगदी जवळ आले तर मासाही तिच्यामागोमाग बिळात घुसतो. येथे संकेत आहे, तो ग्रहण करणारा आहे आणि दोहोंच्या जगण्याचा व्यवहार त्यावर उभा आहे; मात्र नाव कशालाच नाही. या जोडीसाठी बारीक वाळूत थोडा भरड चुरा मिसळलेला थर हवा, आणि खडक वाळूवर न टेकता पेटीच्या तळावर पक्का बसवलेला हवा, नाहीतर कोळंबी त्याखाली खणते आणि खडक कोसळतो. पेटीस जाळीचे झाकण अवश्य असावे. हे मासे घाबरल्यावर उडी मारतात.

प्रवाळांबाबत एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. मालवणच्या किनाऱ्यालगत, तसेच विजयदुर्गापासून सुमारे शंभर किलोमीटरांवर, कान्होजी आंग्रे यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आंग्रिया बँकेवर आपल्याकडेही प्रवाळ आहेत. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये भारतीय प्रवाळांना व समुद्रघोड्यांना २००१ पासून संरक्षण आहे. तेव्हा किनाऱ्यावरून आणलेला जिवंत तुकडा, मग तो कोणी कितीही प्रेमाने दिलेला असो, पेटीत ठेवू नये. कृत्रिम खडकावर जिवाणू तितक्याच आनंदाने वाढतात. माशांच्या बाबतीत पैदास केंद्रातला मासा मागावा. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउनमाशांच्या पैदाशीचे तंत्र सिद्ध केले आहे, आणि ऐरोली येथे राज्याच्या कांदळवन कक्षाच्या केंद्रातही असे काम झाले आहे. पैदाशीतला मासा लहानपणापासून तयार खाद्यावर वाढलेला असतो, हा लाभ लहान नव्हे.

दुकानात नाव विचारण्यापूर्वी मासा खातो काय, ते पाहावे; दुकानदाराला समोर खाद्य टाकावयास सांगावे. शास्त्रीय नाव मागावे व पूर्ण वाढीची लांबी घरी ताडून पाहावी. दुकानातला मासा बहुधा पिल्लूच असतो. बत्तीस लिटर पाण्यास आमच्या मते दोन लहान मासे पुरेत. आधी कोळंबी आणि तिचा जोडीदार सोडावा, कारण त्यांना बीळ खणून घरोबा करावयाचा असतो. दुसरा मासा तीन-चार आठवड्यांनी, पाणी तपासून मगच आणावा, आणि तोही पहिल्यासारख्या आकाराचा किंवा रंगाचा नसावा.