तालीम की कराटे क्लास?

दिघीत मूल सात-आठ वर्षांचं झालं की बऱ्याच घरांत हा विषय निघतो. आजोबांचा कौल भोसरीच्या तालमीला. आईवडिलांना सोसायटीच्या क्लबहाउसमधला, पांढऱ्या ड्रेसचा आणि रंगीत पट्ट्यांचा क्लास सोयीचा वाटतो. आजोबांच्या मते जुनं तेच अस्सल, आईवडिलांच्या मते शास्त्रशुद्ध काय ते नवंच. चुकतात दोघंही.

तालमीत नुसते जोर-बैठका मारून घेतात, हा समज आधी काढून टाकू. पहाटे हौद्यातली लाल माती फावड्याने उकरतात. ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर घालून मुरवलेली ती माती रोजच्या कुस्त्यांनी दाबून घट्ट झालेली असते. मोकळी करेपर्यंतच पोरं घामाघूम होतात. अंग गरम करायला वेगळं काही लागत नाही. मग वस्ताद जोड लावतात. खडाखडी, पट काढायचा प्रयत्न, सुटका, पुन्हा पट. समोरचा तितक्याच हट्टाने डाव मोडत असतो. हवेत मारलेल्या ढाकेला इथे कुणी विचारत नाही.

जिगोरो कानो यांनी १८८२ साली जपानमध्ये कोदोकान ही शाळा काढून ज्युदो शिकवायला सुरुवात केली, तेव्हा नेमकं हेच केलं. जीवघेणे डाव त्यांनी ठरवून केलेल्या सरावापुरते ठेवले आणि उरलेल्यांची पूर्ण जोराने मोकळी लढत रोजच्या सरावात आणली. जो डाव जोडीदाराला इजा न करता पूर्ण ताकदीने टाकता येतो, तोच खऱ्या अर्थाने अंगवळणी पडतो. तालमीला हे फार आधीपासून माहीत होतं.

मग मातीतला पैलवान मॅटच्या गादीवर का अडखळतो? माती मागासलेली म्हणून नव्हे. नियम वेगळे म्हणून. मातीतली पारंपरिक कुस्ती चितपटीवर निकाली होते. फ्रीस्टाइलमध्ये तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, आणि दहा गुणांची आघाडी झाली की खेळ आटोपला. दम जपून संधीची वाट पाहणारा इथे गुणांवर हरतो. पैलवान खाशाबा जाधव १९४८ साली लंडन ऑलिंपिकला गेले तेव्हा गादी त्यांना नवखी होती. तिथे अमेरिकी मल्ल रीस गार्डनर यांनी त्यांना मार्गदर्शन केलं आणि ते सहावे आले. १९५२ ला हेलसिंकीत त्याच खाशाबांनी कांस्यपदक घेतलं. अंगातली कुस्ती मातीचीच होती, तयारी नव्या नियमांची होती. जवळचं उदाहरण हवं तर राजगुरुनगरकडच्या शिवराज राक्षेचं घ्या. जानेवारी २०२३ मध्ये कोथरूडला तो गादी विभाग जिंकून महाराष्ट्र केसरीच्या अंतिम लढतीत आला. समोर माती विभागाचा विजेता महेंद्र गायकवाड होता. दोघंही कात्रजला काका पवारांच्याच तालमीत घडलेले.

तालमीवाल्यांचाही एक लाडका समज आहे: जितके जोर जास्त, तितकी ताकद जास्त. आकडा वाढवत नेला की दमसास वाढतो. ताकद वाढवायची तर वजन वाढवावं लागतं. गदा आणि करेला ही वजनं उगाच नव्हती.

लाठीकाठीचं प्रकरण नाजूक आहे, कारण त्याला शिवजयंतीचं वलय आहे. दांडपट्टा २०२४ पासून राज्यशस्त्र आहे. पण मिरवणुकीत गरगर काठी फिरवता आली म्हणजे लढता येतं असं नाही. मनगट तयार होतं, पावलं सुधारतात. अंतर आणि वेळ साधणं मात्र वार चुकवणारा माणूस समोर असल्याशिवाय येत नाही. जुन्यांनी त्यासाठीच फरी-गदका ठेवला होता: एका हातात छोटी ढाल, दुसऱ्या हातात कातडं मढवलेली काठी, आणि खरेखुरे वार. आजच्या प्रात्यक्षिकांत टाळ्या चक्राकार काठीला मिळतात, फरी-गदका कोपऱ्यात राहतो, हे मला खटकतं.

कराटेच्या क्लासलाही हेच लागू. पट्ट्याचा रंग त्या क्लासची परीक्षा पास झाल्याचं सांगतो, त्यापलीकडे फारसं नाही. नाव घालण्यापूर्वी फी विचारतो तसं एवढंही विचारावं, की मुलं आठवड्यातून किती वेळा मोकळी लढत करतात.

मोकळी लढत म्हणजे मार खाणं नव्हे. ‘डोक्यावर फटके बसले की पोरगं मुरतं’ असं सांगणारे प्रशिक्षक अजून भेटतात. कातडी आणि नडगी सरावाने निबर होते, मेंदू होत नाही. धक्के साचत जातात. शिरस्त्राण घातलं की झालं, हेही खरं नाही. त्याने जखमा कमी होतात, पण कवटीच्या आत हलणारा मेंदू थांबत नाही. पुरुष बॉक्सरांनी रिओ ऑलिंपिकमध्ये, २०१६ साली, ते घातलंच नव्हतं. सरावात अंगावर जोर लावावा, डोक्यावर हात हलका ठेवावा.

तसंच वजनाचं. पैलवान अमन सेहरावतने २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये रातोरात ४.६ किलो उतरवले, ते तज्ज्ञांच्या देखरेखीखाली. अमेरिकेत १९९७ साली असंच वजन उतरवताना तीन कॉलेज पैलवान दगावले आणि तिथले नियम बदलले. शाळकरी पोराला स्पर्धेसाठी पाण्यावाचून ठेवून जॅकेट घालून पळवणारा प्रशिक्षक दिसला, तर मूल त्याच दिवशी घरी आणावं.

राहिला मुलींच्या स्वसंरक्षणाचा प्रश्न. चाकण-भोसरीच्या कंपन्यांत शिफ्टला जाणाऱ्या बायकांसाठी महिला दिनाला तासाभराचं शिबिर होतं, दहा डाव दाखवतात, फोटो निघतात. अशा तासाभरात हाती काही लागत नाही. पण म्हणून ‘ब्लॅक बेल्ट होईपर्यंत सगळं फुकट’ असंही नाही. कॅनडातल्या तीन विद्यापीठांत सुमारे ९०० विद्यार्थिनींवर झालेला अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. तीन-तीन तासांच्या चार सत्रांचं प्रशिक्षण घेतलेल्या मुलींमध्ये वर्षभरात बलात्कार झालेल्यांचं प्रमाण ५.२ टक्के होतं, न घेतलेल्यांमध्ये ९.८. त्या बारा तासांत हातापायांचे डाव होते, पण बराच वेळ दुसऱ्याच गोष्टीला दिला होता: ओळखीचा माणूस मर्यादा ओलांडतोय हे लवकर ओळखणं, संकोच बाजूला ठेवणं आणि मोठ्याने ‘नाही’ म्हणण्याचा प्रत्यक्ष सराव करणं. कंपनीच्या एचआरने पुढच्या मार्चमध्ये एका तासाऐवजी चार शनिवार मागावेत.