कापडाची उलटी बाजू

छत्रपती संभाजीनगरात हिमरूची शाल बघायला घेतली, की गिऱ्हाईक सुलट बाजूवर हात फिरवतं. वस्त्रांच्या इतिहासाचा अभ्यासक आधी ती उलटी करतो. सुती ताण्यावर नक्षीपुरता घेतलेला जादा रेशमी धागा तिथे सुटा धावलेला दिसतो. पैठणीचा पदर मात्र दोन्हीकडून जवळजवळ सारखा असतो. तिच्यात प्रत्येक रंगाच्या धाग्याची वेगळी तिल्ली, म्हणजे छोटी कांडी, चालते आणि दोन रंग भेटतात तिथे धागे एकमेकांत अडकवलेले असतात. शहर आणि पैठण यांत जेमतेम पन्नास किलोमीटरचं अंतर, पण विणायची रीत अगदी वेगळी.

या विषयात संशोधन करायला कोणत्याही एका पदवीची वाट पुरत नाही. कुणी इतिहासातून येतो, कुणी पुरातत्त्वातून, कुणी वस्त्रतंत्रज्ञानातून. नेट, जेआरएफ, पीएच.डी. हे टप्पे इतर विषयांसारखेच. खरी अडचण पुढे येते: कापड कुजतं. मग पुरावा शोधायचा कुठे?

उत्तर संभाजीनगरहून नगरकडे जाणाऱ्या रस्त्यावरच आहे. प्रवरेकाठच्या नेवाशात 1954 ते 1956 या काळात पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया आणि सहकाऱ्यांनी उत्खनन केलं. तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी पुरलेल्या एका लहान मुलाच्या गळ्यात तांब्याचे मणी होते आणि मण्यांत धागा टिकून होता. तांब्याच्या क्षारांमुळे जिवाणूंचं काही चाललं नव्हतं. अ. ना. गुलाटी यांनी तो धागा तपासला आणि त्यात कापसाबरोबर रेशीम ओळखलं. डेक्कन कॉलेजने 1961 मध्ये ती नोंद छापली. याच गुलाटींनी टर्नर यांच्यासह माटुंग्याच्या कापूस प्रयोगशाळेत मोहेंजोदडोचं कापड तपासलं होतं. तेही धातूमुळेच, चांदीच्या भांड्याला चिकटून, वाचलेलं. बोटभर धाग्यासाठी इतिहासकाराला सूक्ष्मदर्शकापाशी बसावं लागतं, ते असं.

दुसरा पुरावा अजिंठ्याच्या भिंतींवर आहे. पाचव्या शतकातल्या त्या चित्रांत पट्ट्यापट्ट्यांची, हंसांच्या नक्षीची वस्त्रं दिसतात. काही पट्टे इकतसारखे, म्हणजे आधी रंगवलेल्या धाग्यांनी विणल्यासारखे, वाटतात. पण रंगवलेला पट्टा विणलेला होता की छापलेला, हे चित्रकार सांगत नाही. शिवाय 1920 च्या दशकात इटालियन तज्ज्ञांनी चित्रांची डागडुजी केली, त्यामुळे मूळ रेघ कोणती हेही तपासावं लागतं. जॉन ग्रिफिथ्स आणि मुंबईच्या कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी 1872 पासून केलेल्या प्रतिकृती इथे मोलाच्या ठरतात. त्यांतल्या कितीतरी लंडनच्या आगीत जळाल्या, ही हळहळ आजही कमी होत नाही. मोतीचंद्रांनी मूर्ती, चित्रं आणि ग्रंथ शेजारीशेजारी ठेवून ‘प्राचीन भारतीय वेशभूषा’ लिहिलं. नव्या संशोधकाने तिथून सुरुवात करावी.

मराठेशाहीसाठी मोडी लिपी यायलाच हवी. पेशव्यांच्या मोडीतल्या पत्रव्यवहारात पैठणच्या वस्त्रांची मागणी सापडते.

आणि मागापाशी बसायलाही हवं. हिमरूच्या जुन्या हातमागावर नक्षी दोऱ्यांच्या जाळ्यात बांधलेली असे. मदतनीस दोऱ्या ओढी, विणकर धोटा टाकी. पुढे नक्षीसाठी दोरे आपोआप उचलणारं जॅकार्ड यंत्र आलं आणि त्या मदतनिसाचं काम संपलं. ते काम केलेला म्हातारा कारागीर भेटला, तर संशोधकाने ध्वनिमुद्रण सुरू करून पहिल्यांदा मागाच्या एकेका भागाचं नाव विचारावं. कोणती दोरी आधी ओढायची, हे त्यानंतर.