आमच्या कोठीतला विजेचा चेन होइस्ट

पालकसभेत, विश्वस्तांच्या बैठकीत आणि मधल्या सुट्टीत मुलांकडूनही गेले काही महिने आम्हाला एकच प्रश्न विचारला जात आहे. २०२५ च्या दिवाळीनंतर शाळेला देणगी म्हणून मिळालेला विजेचा होइस्ट अजून कोठीतच का पडून आहे? प्रश्न रास्त आहे. देणगीदार पालक पीथमपूरच्या एका कारखान्यात नोकरीला आहेत. त्यांनी पदरचे पैसे घालून तो जुना होइस्ट विकत घेतला आणि टेम्पोत घालून स्वतः आणून दिला. हेतूही चांगला होता. एक म्हणजे प्रयोगशाळेची जड कपाटे दुसऱ्या मजल्यावर सहज चढवता येतील. आणि दुसरे म्हणजे चाकांच्या खुर्चीवरून शाळेत येणारी आपली आठवीतली विद्यार्थिनी पाळण्यात बसून प्रयोगशाळेपर्यंत पोहोचेल. आम्ही दोन्ही गोष्टींना नकार दिला. बैठकीत दोन वाक्यांत सांगितलेल्या कारणांनी कोणाचेच समाधान झाले नाही, म्हणून येथे सविस्तर लिहीत आहोत. विद्यार्थ्यांनी हा विज्ञानाचा धडा समजावा, विश्वस्तांनी आमचा खुलासा.

आधी हे यंत्र काय आहे ते पाहू. पीथमपूर असो वा सांवेर रोड, कारखान्यात हाताने ओढायच्या चेन पुली ब्लॉकला कामगार ‘चेन कुप्पी’ म्हणतात. आमचे स्वतःचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. तेथे कप्पीला ‘घिरनी’ म्हणत. मराठी वर्गावर पहिल्यांदा हा धडा शिकवताना आमच्या तोंडून घिरनीच निघाली आणि सगळा वर्ग हसला, ते अजून आठवते. शब्द कोणताही घ्या, तत्त्व एकच. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला थॉमस वेस्टन यांनी एकाच आसावर दोन किंचित लहानमोठी चाके बसवून साखळीची कप्पी प्रचारात आणली, आणि एकटा माणूस इंजिनाचा जड भाग उचलू लागला. मात्र निसर्ग फुकट काही देत नाही. एक टन लोखंड ३० किलोच्या ओढीने उचलायचे, तर घर्षण हिशोबात न धरताही, माल एक मीटर चढायला हातसाखळी ३३ मीटरहून जास्त ओढावी लागते. जोर वाचतो, पण अंतर वाढते.

विजेच्या होइस्टमध्ये हे ओढण्याचे काम मोटर करते. मोटर भरभर फिरते, गिअर तिचा वेग कमी करून जोर वाढवतात, आणि शेवटी एक खाचांचे चाक फिरते. साखळीची एक कडी आडवी त्या खाचेत बसते, पुढची उभी राहते, पुन्हा एक आडवी. अशा रीतीने चाक साखळी ओढून घेते आणि मोकळा झालेला भाग बाजूच्या पिशवीत किंवा डब्यात पडत जातो. तारेच्या दोराच्या होइस्टला दोर गुंडाळण्यासाठी ड्रम लागतो. चेन होइस्टला तो लागत नाही, म्हणून हे यंत्र आटोपशीर असते. कारखान्यात साच्यांची अदलाबदल, लेथवर जड जॉब चढवणे, जुळणीच्या रांगेवर इंजिन पुढे नेणे अशी कामे हेच करते.

आपल्याकडे आलेला होइस्ट अर्ध्या टनाचा, म्हणजे ५०० किलोचा आहे आणि मिनिटाला ८ मीटर वेगाने उचलतो. नववीच्या मुलांनी हिशोब करावा. ५०० किलो गुणिले ९.८ म्हणजे ४,९०० न्यूटन. तो भार ६० सेकंदांत ८ मीटर उचलायचा, म्हणजे सुमारे ६५३ वॅट. गिअरच्या घर्षणात जाणारी शक्ती धरली तर आठ-नऊशे वॅटची मोटर पुरते. घरातल्या मिक्सरची मोटर साधारण ५०० ते ७५० वॅटची असते. म्हणजे चटणी वाटणाऱ्या यंत्राहून थोड्याच मोठ्या मोटरने अर्धा टन वजन उचलले जाते! कारण ते सावकाश उचलले जाते, सेकंदाला जेमतेम १३ सेंटिमीटर. हा हिशोब फळ्यावर मांडला तेव्हा मागच्या बाकावरची मुलेही पुढे सरकली होती.

खरा महत्त्वाचा भाग मोटर नसून ब्रेक आहे. या संदर्भात सर्वांत चांगला प्रश्न त्या विद्यार्थिनीनेच विचारला : “वीज गेली तर मी मध्येच लटकून राहीन का?” २००३ च्या आसपासची मध्यप्रदेशातली वीजकपात ज्यांनी सोसली आहे, त्या पालकांना या प्रश्नाचे मोल कळेल. अनेकांची समजूत असते की ब्रेक विजेने लागतो. होइस्टमध्ये उलटी व्यवस्था असते. ब्रेक स्प्रिंगच्या दाबाने नेहमी लागलेलाच असतो. बटण दाबले की विद्युतचुंबक तो सोडवतो आणि मगच मोटर फिरते. बटण सोडले, वीज गेली किंवा वायर तुटली, की स्प्रिंग पुन्हा ब्रेक लावते. म्हणून वीज गेल्यावर भार खाली पडत नाही. पण तो वरही जात नाही आणि खालीही येत नाही. लोखंडाचा साचा तासभर लटकत राहिला तर भोवती दोरी बांधून लोकांना दूर ठेवता येते. तेरा वर्षांच्या मुलीला दुसऱ्या मजल्याच्या उंचीवर तासभर लटकत ठेवून आपण काय करणार आहोत? तिला आम्ही खरे तेच उत्तर दिले : हो, लटकून राहशील.

ब्रेकखेरीज आणखी दोन रक्षक असतात. भार फार जास्त झाला की घसरणारा क्लच गिअरला जोर पोहोचू देत नाही, आणि हूक अगदी वर किंवा अगदी खाली गेला की लिमिट स्विच मोटर थांबवतो. हे दोन्ही अडचणीच्या वेळेसाठी आहेत. क्लच घसरेपर्यंत वजन चढवून पाहणे, किंवा रोजच लिमिट स्विचवर आपटून थांबवणे, ही कारखान्यातली नेहमीची वाईट सवय आहे, असे जाणकार पालक सांगतात. बटण टकटक दाबत इंच-इंच चढवण्याचेही तसेच. त्याने स्विचचे संपर्क जळतात आणि मोटर तापते. ही मोटर अखंड चालण्यासाठी बनवलेली नसतेच. पाटीवर ४० टक्के लिहिले असेल तर दहा मिनिटांत चार मिनिटे चालवायची, बाकी विश्रांती.

आता आमच्या मुख्य कारणाकडे येतो. होइस्ट आला तेव्हा त्याच्यावर ताजा पिवळा रंग होता. रंगाखाली पाटी झाकली गेली होती. ती खरवडल्यावर क्षमता आणि मॉडेल कळले. तपासणीचा दाखला नव्हता. हुकाच्या तोंडावरची स्प्रिंगची झडप तुटलेली होती. ती नसेल तर भार सैल पडताच पट्टा हुकातून निसटू शकतो. तरीही रंगामुळे यंत्र नवे दिसत होते, हे कबूल करायला हवे. आम्हीही आधी फसलो.

मग आमच्या विज्ञान शिक्षकांनी साखळी मोजली. त्या मॉडेलच्या पुस्तिकेप्रमाणे कडीची जाडी ५ मिलिमीटर आणि आतली लांबी १५ मिलिमीटर. सलग ११ कड्या ताणून, पहिल्या कडीच्या आतल्या टोकापासून अकराव्या कडीच्या आतल्या टोकापर्यंत मोजले तर नव्या साखळीत १६५ मिलिमीटर भरायला हवेत. शाळेचा व्हर्नियर १५ सेंटिमीटरचाच असल्यामुळे स्टीलची पट्टी लावावी लागली. एका ठिकाणी १६९ भरले. तीन मुलांनी वेगवेगळे मोजले, तरी १६९ च. पुस्तिकेत वाढीची मर्यादा २ टक्के दिलेली आहे, म्हणजे ३.३ मिलिमीटर. आपली साखळी ४ मिलिमीटर वाढलेली होती.

चार मिलिमीटरसाठी एवढा बाऊ कशाला, असे एका पालकांनी विचारले. त्याचे उत्तर नीट समजून घ्यावे. ही साखळी रबरासारखी ताणली गेलेली नाही. जिथे एक कडी दुसरीवर टेकते तिथे प्रत्येक उचलीत धातू थोडा थोडा झिजतो. तेल न लावलेल्या साखळीत तर फारच लवकर. प्रत्येक सांध्यावर सुमारे एक तृतीयांश मिलिमीटर गेला, तो अकरा वेळा मिळून चार झाला. म्हणजे कडी नेमकी जिथे भार घेते तिथेच बारीक झाली. शिवाय चाकाच्या खाचा १५ मिलिमीटरच्या हिशोबानेच कापलेल्या. लांबलेली कडी खाचेत पुरती बसत नाही, कडेवर चढते, आणि भाराखाली एखादी खाच सोडून उडी मारते. अशा वेळी बसणारा हिसका स्थिर वजनाहून मोठा असतो. आणि झिजलेली एकच कडी कापून तिथे वेल्डिंगने नवी घालणे चालत नाही. ही साखळी खास मिश्रपोलादाची, उष्णता देऊन कठीण केलेली असते. वेल्डिंगच्या आचेने तो गुण जातो. बदलायची तर पूर्ण साखळी बदलावी लागते, आणि तीही त्याच मापाची.

यंत्र अगदी नवे असते तरी ते टांगायचे कुठे? जिन्याच्या तोंडावरच्या स्लॅबला हूक ठोकावा अशी सूचना होती. त्या स्लॅबच्या नकाशात असा भार धरलेला नाही. होइस्टचे स्वतःचे वजन, त्यावर ५०० किलो आणि सुरू होताना-थांबतानाचा झटका, हे सगळे एका बिंदूवर येणार. बांधकाम अभियंत्याने गणित करून लेखी दिल्याशिवाय तेथे पंखासुद्धा आम्ही बदलू देत नाही. कपाट बांधायच्या पट्ट्याचीही एक गोम आहे. दोन पट्ट्यांनी ५०० किलो सरळ उभे उचलले तर प्रत्येकावर २५० किलो येतात. तेच पट्टे फाकवून त्यांच्यामधला कोन ९० अंश केला तर प्रत्येकी सुमारे ३५४, आणि १२० अंश केला तर प्रत्येकी पूर्ण ५००. वजन तेच, पट्टा मात्र दुप्पट ताणला जातो. दहावीची त्रिकोणमिती कशाला उपयोगी पडते असे विचारणाऱ्यांनी हे करून पाहावे.

माणूस उचलण्याची गोष्ट तर सर्वस्वी वेगळी. माणसांची लिफ्ट आणि मालाचा होइस्ट ही एकाच यंत्राची लहानमोठी रूपे नव्हेत. लिफ्टला एकाहून अधिक दोर असतात, पिंजरा रुळांमध्ये बांधलेला असतो, वेग मर्यादेबाहेर गेला तर गव्हर्नर रुळांना पकडणारे जबडे चालवतो, आणि दार नीट लागल्याशिवाय ती हलत नाही. आपल्या होइस्टला एक साखळी, एक हूक. ती साखळी गेली तर पाळण्याला धरून ठेवायला दुसरे काहीच नाही. म्हणून साधारण चेन होइस्टच्या पुस्तिकेत माणसे उचलू नयेत आणि भाराखाली कोणी उभे राहू नये असे स्पष्ट छापलेले असते. आमच्या हातातल्या पुस्तिकेतही ते पहिल्याच पानांवर आहे.

शाळा काही कारखाना नव्हे, असे एका विश्वस्तांचे म्हणणे पडले. अक्षरशः ते खरे आहे. १९४८ च्या कारखाना अधिनियमाच्या २९ व्या कलमात अशी यंत्रे, साखळ्या आणि दोर यांची बारा महिन्यांतून किमान एकदा सक्षम व्यक्तीकडून संपूर्ण तपासणी आणि तिची नोंदवही बंधनकारक होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या अधिनियमाची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० ने घेतली आहे. कायदा कोणत्या इमारतीला लागतो हे वकील सांगतील. पण बापाला कारखान्यात जी खबरदारी मिळायला हवी, त्याहून कमी खबरदारी त्याच्या मुलीला शाळेत मिळावी, हे आम्हाला पटत नाही.

देणगीदार पालकांना आम्ही बोलावून पट्टी त्यांच्याच हातात दिली. त्यांनी मोजले, काही वेळ गप्प राहिले, आणि म्हणाले की कारखान्यात याला कधीच लाल चिठ्ठी लागली असती. विकणाऱ्याच्या रंगावर भुललो. ती चिठ्ठी त्यांनी स्वतःच्या हाताने बांधली. शाळेवरचा त्यांचा लोभ आणि आमची कृतज्ञता यांत काही उणे झालेले नाही, हे येथे नमूद करतो, कारण बाहेर वेगळ्या गोष्टी बोलल्या गेल्या.

होइस्ट फुकट जाणार नाही. विजेची वायर कायमची कापून, खोके उघडून तो प्रयोगशाळेच्या टेबलावर ठेवला जाईल. नववीच्या मुलांनी गिअरचे दाते मोजावेत, ब्रेकची स्प्रिंग पाहावी, आणि ती साखळी मोजून १६५ आणि १६९ मधला फरक स्वतः काढावा. कपाटे सुटी करून जिन्यानेच हलवली जातील.

आणि प्रयोगशाळाच खाली येणार आहे. विश्वस्त मंडळाने गेल्या बैठकीत तळमजल्यावरच्या कार्यालयालगतच्या दोन खोल्या त्यासाठी दिल्या. तेथले जुने दप्तर दुसऱ्या मजल्यावर जाईल. उंबरठा काढून उतार करायचा आहे आणि पाण्याची नवी जोडणी लागेल. नळकामाची व गवंडीकामाची माहिती असणाऱ्या पालकांनी येत्या शनिवारी शाळा सुटल्यावर कार्यालयात भेटावे. मोजपट्टी सोबत आणल्यास बरे.