आवडीचे बोलावे, पण बेताने!

परवा दवाखान्यात तेवीस-चोवीस वर्षांचा एक तरुण आला. "चारचौघांत बसलो का छाती धडधडते जी, डॉक्टरसाहेब. हातापायाले घाम सुटते." नाडी पाहिली, रक्तदाब मोजला, ईसीजी काढला, रक्त तपासले. सारे ठीक निघाले. "हे केव्हापासून?" असे विचारल्यावर त्याने मान खाली घातली. "बहिणीच्या साखरपुड्यापासून," तो हळूच म्हणाला.

हा तरुण नाटकवेडा. साखरपुड्याच्या पंगतीत त्याने वराकडील मंडळींना एका नाटकाची कथा संवादांसह सांगायला घेतली. ताक आले तरी कथा दुसऱ्या अंकातच होती. कोणीतरी ओरडले, "नाटक्या, पाड आता पडदा!" पंगत हसली. तेव्हापासून तो लोकांत बसेना. यंदाच्या हंगामात एकाही नाटकाला गेला नाही.

आपल्या झाडीपट्टीत नाटकाचे वेड नवे नाही. धान घरात आले, दिवाळी झाली की वडशाच्या कंपन्यांची नाटके गावोगावी लागतात आणि रात्रभर रंगतात. लेकी माहेरी येतात, पाहुणे जमतात, सोयरिकीही जुळतात. याच रंगभूमीवरील परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. मग तिची आवड असण्यात लाजण्यासारखे काय आहे? चुकले ते आवडीचे नव्हे, मात्रेचे!

असे का होते? लोक हसतील या भीतीने शरीरात ॲड्रिनलिन वाढते. त्याने छाती धडधडते, घाम सुटतो, तोंड कोरडे पडते. माणूस उठून निघून जातो आणि त्याला बरे वाटते. पण या तात्पुरत्या सुटकेमुळेच भीती पक्की होते. पुढच्या वेळी तो घरातूनच निघत नाही. त्यावर उपाय म्हणजे हळूहळू पुन्हा लोकांत मिसळणे, आणि त्याला आवडीच्या विषयासारखे दुसरे साधन नाही.

मी स्वतः या दुखण्यातून गेलो आहे. १९९८ च्या एप्रिलमध्ये शारजात सचिनने दोन शतके केली, १४३ आणि १३४. पुढची कित्येक वर्षे मी ती घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला चेंडूगणिक सांगत असे. शेवटी सौभाग्यवतींनीच औषध दिले : "समोरच्याचा चहा निवत असला की समजावे, त्याचे लक्ष आपल्याकडे आहे. त्याने तो घटाघट पिऊन टाकला, की थांबावे."

वाचकहो, काही साधी पथ्ये सांगतो.

१) सुरुवात प्रश्नाने करावी. "यंदा कोणते नाटक पाहिले?" एवढे पुरे. उत्तर आले तर पुढे जावे.

२) पहिली मात्रा लहान ठेवावी. दोन-तीन वाक्ये बोलून थांबावे. समोरच्याने उलट प्रश्न केला, तर त्याला गोडी आहे. तो नुसता "हो, हो" म्हणू लागला, तर विषय बदलावा. तो आपला अपमान नव्हे.

३) त्याचीही आवड विचारावी. कोणाला भजन, कोणाला शंकरपटाच्या जोड्या, कोणाला क्रिकेट. आपण ऐकले, की आपलेही ऐकले जाते.

४) सविस्तर बोलण्यासाठी एक तरी समानधर्मी शोधावा. ती भूक पंगतीत भागवू नये.

ऐकणाऱ्यांनाही एक पथ्य आहे. कंटाळा आला तर "बाकीचे नंतर सांग" म्हणावे; चारचौघांत टोपणनाव ठेवू नये. आपला विनोद क्षणात विरतो, पण त्याचा घाव दुसऱ्याच्या मनात वर्षभर राहतो.

एक फरक मात्र ओळखावा. या तरुणाची गोडी आतून जिवंत होती. मी नाटकाचा विषय काढताच त्याचा चेहरा उजळला. परंतु कोणाला आवडीच्या गोष्टीतही रस उरला नसेल, झोप व भूक बिघडली असेल, निराशा वाटत असेल आणि असे दोन आठवडे चालले असेल, तर ते नैराश्य असू शकते. अशा वेळी डॉक्टरांना दाखवावे. मरणाचे विचार येत असतील तर दोन आठवडेही थांबू नये. १४४१६ हा शासनाच्या 'टेली मानस' सेवेचा क्रमांक २०२२ पासून सुरू आहे. तेथे मराठीत, निःशुल्क व रात्री-अपरात्रीही बोलता येते.

त्या तरुणाला मी गोळी दिली नाही. एकच काम सांगितले : मामासोबत एका नाटकाला जायचे, आणि दुसऱ्या दिवशी मामाला काय आवडले ते आधी विचारायचे. पंधरा दिवसांनी तो आला. धडधड पूर्ण गेली नव्हती, पण कमी होती. "मामाच तासभर बोलत होते जी," तो हसत म्हणाला. "मले बोलूच नाही देल्ले!"