घरचा देव, घरचाच निर्णय

नागपूरहून भंडाऱ्याकडे निघालं की कन्हानकाठी मौदा लागतं. धानाच्या या मुलखात कुणी ‘नमस्कारजी’ म्हणालं, की ओळखावं, हा परमात्मा एकचा सेवक. मालकालाही तोच नमस्कार, मजुरालाही तोच. त्या ‘जी’त मला फार मोठी गोष्ट दिसते.

हा पंथ महानत्यागी बाबा जुमदेव ठुब्रीकर (१९२१-१९९६) यांचा. नागपूरच्या गोळीबार चौकातल्या विणकरी घरातला हा माणूस. १९६९ साली परमात्मा एक सेवक मंडळ उभं राहिलं आणि मौद्याचा आश्रम मानवधर्माचं मोठं ठाणं झाला. एक भगवंत, सत्य, मर्यादा, प्रेम, दारू-जुगार बंद. शिकवण एवढीच, पण पाळायला जड.

घर सेवक होतं तेव्हा गंडेदोरे, ताईत आणि जुने देव विसर्जित होतात. भगताला, म्हणजे गावच्या मांत्रिकाला, कोंबडं द्यायचं नाही, उतारा टाकायचा नाही. ज्या पूर्व विदर्भात करणीच्या नुसत्या संशयावरून म्हाताऱ्या बायकांना मारहाण झालेली आहे, तिथे भगताचा उंबरा सोडणं ही नुसती भक्तीची गोष्ट नाही. करणी कुणी केली म्हणून भगत नाव घेतो आणि गाव त्या नावावर तुटून पडतं. जादूटोणाविरोधी कायदा २०१३ साली आला. त्याच्या कितीतरी आधी या घरांनी ती वाट सोडली होती.

ती त्यांना सोडता आली, कारण संविधानाच्या २५व्या कलमानं सदसद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य दिलं आहे. याच नागपुरात १९५६ साली बाबासाहेब आंबेडकरांसोबत बौद्ध धम्म स्वीकारताना लाखोंनी ते वापरलं. गोळीबार चौकातली वाट वेगळी, हक्क तोच.

दोन गोष्टी मात्र मला खटकतात. तीर्थानं आजार बरा झाल्याचं सेवक श्रद्धेनं सांगतात. दवाखान्याची जागा तीर्थानं घेऊ नये. आणि कुटुंबाच्या एकतेवर इतका भर, की घरातल्या एखाद्या सुनेला किंवा पोराला मनातून वेगळं वाटलं तर? २५वं कलम घराला नाही, माणसाला हक्क देतं. कुटुंबप्रमुखानं ठरवलं म्हणून सुनेचा हक्क संपत नाही.

तरी सेवकांच्या चर्चाबैठकीला बसून बघावं. एकाच सतरंजीवर वेगवेगळ्या जातींची माणसं. काल-परवापर्यंत दारूच्या भट्टीवर सापडणारा बाप उठून सगळ्यांदेखत आपली चूक सांगतो, बायको मागच्या रांगेत पदर सावरून ऐकते. बैठक उठते, तो चपला शोधतो, आणि एक पोरगं त्याला म्हणतं, “नमस्कारजी, काका.”