मजकुराच्या एडिटरमध्ये चित्रकला: ईमॅक्सचा आर्टिस्ट मोड

ईमॅक्स हा मजकूर लिहिण्याचा, प्रोग्रॅम रचण्याचा एडिटर. रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्पातर्फे १९८५ मध्ये तो सर्वांना खुला केला. तो मोफत तर मिळतोच, शिवाय त्याचा सोर्स कोड कुणीही वाचावा, बदलावा, पुढे वाटावा. या एडिटरच्या पोटात चित्रं काढण्याची अख्खी सामग्री आहे. ती म्हणजे टोमास अब्राहमसन यांनी लिहिलेला ‘आर्टिस्ट मोड’.

तो सुरू केला की माउसने थेट रेखाटता येतं. चौकट ओढली की कोपऱ्यांवर अधिकचिन्ह, आडव्या बाजूंना छोट्या रेघा आणि उभ्या बाजूंना दंड आपोआप बसतात. लंबवर्तुळ आहे, बंद आकृती एखाद्या अक्षराने भरून टाकायची सोय आहे. पण खरा विलक्षण आहे तो फवारा! कोऱ्या जागी फवारलं की टिंब उमटतं. त्याच जागी पुन्हा फवारलं की टिंबाची रेघ होते, मग अधिकचिन्ह, मग रोमन एम, टक्क्याचं चिन्ह, तारा आणि शेवटी हॅश. हात फिरेल तशी छटा गडद होत जाते, तीही एका थेंबभर रंगाशिवाय. पुसण्याची तऱ्हाही न्यारी. ‘वेपराइझ’ हे हत्यार एखाद्या रेषेवर लावलं, की ते तिचा माग काढत ती टोकापर्यंत नाहीशी करतं.

हे वाटतं तितकं सोपं नाही. मजकुराच्या फाइलला कागद नसतोच. ओळ संपली की पुढे काहीही नसतं. मग पानाच्या मध्यावर वर्तुळ काढायचं कशावर? ईमॅक्समधल्याच ‘पिक्चर मोड’ने हे कोडं सोडवलं. उजवीकडे आणि खाली कोरी जागा अमर्याद पसरली आहे असं तो धरून चालतो आणि लागतील तेवढ्या स्पेस स्वतः भरतो. टाइप केल्यावर कर्सर आठांपैकी कुठल्या दिशेला सरकावा, तेही सांगता येतं. आर्टिस्ट मोड याच पायावर उभा आहे.

अशी आकृती मजकूरच असल्यामुळे प्रोग्रॅमच्या टिपणांत, ईमेलमध्ये, कुठेही राहते. इंटरनेट प्रोटोकॉलचा सप्टेंबर १९८१ चा दस्तऐवज, आरएफसी ७९१, आजही साध्या एडिटरमध्ये उघडून पाहावा. त्यातली हेडरची आकृती अधिकचिन्हं, रेघा आणि दंड यांचीच आहे: एका ओळीत ३२ बिट, प्रत्येक बिटाला दोन अक्षरांची जागा. तिच्यासाठी वेगळं सॉफ्टवेअर तेव्हाही लागत नव्हतं, आताही लागत नाही.

अट एकच, प्रत्येक चिन्हाची रुंदी सारखी हवी. समान रुंदीच्या फॉन्टमध्ये आस्कीतली, म्हणजे साध्या रोमन संचातली, अक्षरं आणि चिन्हं ती सहज पाळतात. देवनागरीत मात्र ‘कि’ दोन संकेतांकांनी बनतो, ‘क्ष’ तीन. पडद्यावर त्यांनी किती जागा घ्यावी हे फॉन्टवर ठरतं. चौकटीच्या आत मराठी नाव लिहिलं की उजवा दंड जागचा हलू शकतो. म्हणून मराठी नावं आकृतीच्या उजवीकडे, ओळीच्या शेवटी लिहावीत. तिथे ती कितीही पसरली तरी रेषांना धक्का लागत नाही.